जंगलातून गेलेली तार

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी, चिंचगुंडीजवळ, तारखात्याचा तळ पडला होता. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांच्या माणसांनी त्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे तारकर्मचारी ठार झाले. तिसरा, पीटर, निसटला आणि चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांच्याकडे बातमी घेऊन पोहोचला. पुढच्या सहा महिन्यांत अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

जिल्हा गॅझेटियरमध्ये ही हकिगत बंडाचा इतिहास म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीचे मृत सैनिक नव्हते, तार ओढणाऱ्या खात्यातले होते, याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. नागपूरचे राज्य खालसा होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. १८५७ च्या उठावात तारेने कंपनी सरकारला किती हात दिला हे सगळ्यांनी पाहिले होते, आणि त्यामुळे देशभर नवे मार्ग घाईने टाकले जात होते. बाबुरावांनी तारेलाच शत्रू मानले होते असे म्हणायला आधार नाही. हाती लागेल त्या इंग्रज तळावर त्यांचा रोख होता. तरी एवढे खरे की या जंगलात तार आली ती सरकारच्या मागोमाग, आणि सरकारवरचा राग पहिल्यांदा झेलायची वेळ तिच्याच माणसांवर आली. पुढे दीडशे वर्षांनी तारेच्या जागी काच आली, तेव्हाही या दोन्ही गोष्टी फारशा बदलल्या नव्हत्या.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, आणि पूर्वेकडून इंद्रावती येऊन गोदावरीत उतरते. या नद्यांच्या मधल्या त्रिकोणात महाराष्ट्रातले सर्वांत घनदाट जंगल आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा कोळसा, कारखाने आणि रेल्वे पश्चिमेकडे राहिली. पूर्वेकडच्या गडचिरोलीच्या वाट्याला १४,४१२ चौरस किलोमीटर जमीन आली, तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनखात्याचा. २०११ च्या जनगणनेत एवढ्या प्रदेशात माणसे होती पावणेअकरा लाखांच्या आत. चंद्रपुरात तेव्हा २२ लाख होती.

चंद्रपूरचे काम त्या मानाने सोपे गेले, त्याचे श्रेय कोळशाला. वरोऱ्याच्या खाणीसाठी एकोणिसाव्या शतकातच रेल्वे आली आणि १९२९ पर्यंत बल्लारशाह–काझीपेठ जोडले जाऊन दिल्ली–मद्रास हा सलग मार्ग झाला. रेल्वेबरोबर तार येते, तारेच्या हद्दीतून पुढे टेलिफोन येतो, आणि त्याच हद्दीत एके दिवशी फायबर पुरले जाते. मध्य भारतातून दक्षिणेकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक मोठा दुवा बल्लारशाहच्या आसपासून जातो तो असा. गडचिरोलीला रेल्वेचे स्टेशन एकच, तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वडसा. तिथून सिरोंचा अडीचशे किलोमीटरच्या घरात. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

आता काचेकडे. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लंडनजवळच्या प्रयोगशाळेतून मांडले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या धाग्यातून प्रकाशाने संदेश पाठवता येतील. किलोमीटरमागे वीस डेसिबलपर्यंत घट चालेल. म्हणजे धाग्यात शिरलेल्या प्रकाशापैकी एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी पुरे. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ही रेषा ओलांडली. आज चांगल्या धाग्यात योग्य तरंगलांबीला हीच घट किलोमीटरला ०.२ डेसिबल आहे. आलापल्लीहून सिरोंच्याचा रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा. आलापल्लीत शिरलेला प्रकाश सिरोंच्याला शंभरातला एक भाग म्हणून पोहोचेल, म्हणजे काव यांनी एका किलोमीटरसाठी धरलेली मर्यादा आज अख्ख्या आलापल्ली–सिरोंचा रस्त्याला पुरते. मधे कुठेही वीज नको, यंत्र नको. अर्थात धागा सलग असेल तर.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. देशातली स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी पहिली फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. पुढे औरंगाबादजवळ वाळूज आणि शेंद्र्याला धागा खेचण्याचे कारखाने उभे राहिले. पण पुण्यात काच आली त्या काळात गडचिरोलीतल्या भामरागडच्या रस्त्याला पूल नव्हते. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा पावसाळ्याचे कित्येक महिने तिथे बाहेरचे माणूस पोहोचत नसे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले, आणि उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूरसारख्या भागासाठी ती खरी सोय होती. खेड्यातला फोन मात्र रेडिओवर चालायचा. तालुक्याचा मनोरा आणि गावातला अँटेना यांच्यामध्ये सरळ दृष्टिरेषा लागते. मधे डोंगर आला, सागाचे रान वाढले, किंवा बॅटरी उतरली, की फोन मुका.

याच काळात, १९८० च्या सुमारास, गोदावरीपलीकडून नक्षलवादी दले सिरोंच्याच्या जंगलात उतरली. तेंदूपानाच्या आणि बांबूच्या मजुरीचे प्रश्न, वनखात्याचा जाच, जमिनीच्या हक्कांकडे झालेले दुर्लक्ष, यातून त्यांना इथे पाय रोवता आले. त्यानंतरची तीन दशके रस्ता, पूल, खांब आणि मनोरा हे सगळे युद्धातल्या मालमत्तेत गणले गेले. रस्ता झाला तर पोलीस येतील आणि फोन लागला तर खबर जाईल, असा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. सरकारचाही हिशेब तोच होता, फक्त उलट्या बाजूने.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे वीस हजार कोटी रुपये आणि दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती असा संकल्प. २०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले, आणि डिसेंबर २०१७ अखेर पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायतींचे काम झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्याचे काम स्वतःच्या हाती घेतले आणि त्याला महानेट म्हटले. योजनेचा आराखडा सपाट, दाट वस्तीच्या मुलखासाठी हुशारीने केलेला होता. बीएसएनएलची फायबर तालुक्याच्या एक्स्चेंजपर्यंत पोहोचलेली आहे असे धरायचे, आणि तिथून पंचायतीपर्यंतचा तुटलेला भाग तेवढा नवीन पुरायचा. तालुक्याला एक यंत्र, पंचायतीत एक डबा, आणि मधे वीज न लागणारे, प्रकाश वाटून देणारे काचेचे विभाजक. एका धाग्यावर अनेक गावे.

या पद्धतीला साधारण २८ डेसिबलचे अंदाजपत्रक मिळते. इथे वापरतात त्या तरंगलांबीला घट जास्त, म्हणून वीस किलोमीटर फायबर त्यातले सात खाते. प्रकाशाचे आठ वाटे करणारा विभाजक दहा-साडेदहा खातो. उरते त्यात सांधे आणि जोडण्या. वीस किलोमीटरच्या आत पंचायती असतील तर गणित आरामात बसते, आणि वर्धा किंवा अमरावतीकडे ते बसलेही. पण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात गट्टा, जारावंडी ही गावे तालुक्यापासून तीस-तीस किलोमीटरपलीकडे आहेत. तिथे विभाजन कमी करावे लागते, म्हणजे एका धाग्यावर गावे कमी आणि किलोमीटर जास्त. खर्चाचे कोष्टक इथेच कोलमडते.

आणि मग खोदकाम. नियमाप्रमाणे चर १.६५ मीटर खोल हवा, म्हणजे उभा माणूस जवळजवळ झाकला जाईल इतका. त्यात चाळीस मिलिमीटरची प्लास्टिकची नळी टाकायची, माती भरायची, आणि नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने त्या नळीतून केबल फुंकत पुढे सरकवायची. नळीत कुठे मोड बसला, पाणी किंवा चिखल शिरला, की केबल तिथेच अडते आणि पुन्हा खोदावे लागते. चंद्रपूरच्या पश्चिमेला वर्धेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पुरलेली नळी तिच्याबरोबर सरकते. घुग्घुस, दुर्गापूर, माजरी या पट्ट्यात उघड्या कोळसाखाणी पुढे सरकतात तसे रस्तेच जागा बदलतात, आणि केबलही. पूर्वेला गडचिरोलीत वेगळीच गत. वीतभर लाल मातीखाली जुना कणखर खडक लागतो. तिथे खोली कमी करायची मुभा असते, पण मग वरून काँक्रीट किंवा लोखंडी पाइप घालावा लागतो. ते व्हायला हवे तसे प्रत्येक ठिकाणी झाले असेल, असे मानायला माझे मन धजत नाही. रस्त्याकडेला उघडी पडलेली नळी या भागात नवलाची नाही.

नद्यांचा भाग याहून कठीण. केबल पुलाच्या कठड्याला लोखंडी पाइपात बांधून नेतात. पूल उंच असेल तर प्रश्न नाही. पण इथले कित्येक पूल ठेंगणे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे. भामरागडच्या तोंडाशी पर्लकोटा आहे. जवळच पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम. इंद्रावतीला पूर आला की पर्लकोट्याचे पाणी मागे फुगते, जुना पूल बुडतो, गावाच्या बाजारपेठेत पाणी शिरते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. हे दर पावसाळ्यात, कधी एकाच मोसमात अनेकदा. पुराबरोबर वाहून येणारे ओंडके कठड्यावर आपटतात, आणि कठडा गेला की पाइपही जातो. नदीच्या तळाखालून आडवे भोक पाडून केबल नेता येते, पण खडकात ते यंत्र तिथवर न्यायला आधी चांगला रस्ता हवा.

तुटलेली केबल सापडते कशी, हे पाहण्यासारखे आहे. एक्स्चेंजमधला माणूस धाग्यात प्रकाशाची बारीक ठिणगी सोडतो आणि काचेतूनच परतणारा अंधूक उजेड मोजतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते: समजा, १७ किलोमीटर ४२० मीटर. पण हे अंतर केबलचे, रस्त्याचे नव्हे. दर चेंबरमध्ये केबलची काही मीटर वेटोळी जास्तीची ठेवलेली असते, ती वजा करावी लागते. शहरात चूक शंभर मीटरची झाली तरी खोदलेला खड्डा दिसतो. भामरागडच्या वाटेवर पेरमिलीच्या पुढे दोन्ही बाजूंना सारखेच रान, मार्गदर्शक दगड गवतात बुडालेले. मग चालत जायचे, आणि ताजी उकरलेली माती शोधायची.

जागा सापडली की केबलची दोन्ही कापलेली टोके वर काढतात. मधला खराब भाग टाकून नवा तुकडा घालावा लागतो, म्हणून एका तुटीला सांधे दोन. केबलमध्ये चोवीस धागे, रंगांवरून ओळखायचे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा क्रमाने. प्रत्येक धाग्याचे आवरण सोलायचे, स्पिरिटने पुसायचे, टोक काटकोनात कापायचे, आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायचे. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा आठवा-दहावा हिस्सा. धुळीचा कण आडवा आला तर सांधा वाया. मे महिन्यातल्या ऊन-धुळीत किंवा ताडपत्रीखाली, पावसात, हे अठ्ठेचाळीस वेळा करायचे. प्रत्येक सांधा अंदाजपत्रकातला थोडा प्रकाश घेऊन जातो. एकदा तुटलेला मार्ग दुरुस्त होतो. वीस वेळा तुटलेला मार्ग दुरुस्त होऊनही नीट चालत नाही.

आणि सर्वांत जास्त वेळा तो तोडतो कोण? पूर नव्हे, नक्षलवादीही नव्हे. तोडतो जेसीबी. केबल रस्त्याच्या कडेने गेली, आणि मग रस्ताच रुंद व्हायला निघाला. साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जाणारा ३५३-सी हा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याचा कणा, आणि केबलचाही. देशभरात वर्षाला दहा लाखांच्या आसपास वेळा फायबर तुटते आणि त्यात तीन हजार कोटींचे नुकसान होते, हा सरकारचाच अंदाज. त्यावर उपाय म्हणून खोदण्याआधी सूचना देण्याचे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. ॲपवर सूचना द्यायला मोबाइलला रेंज लागते, हा विनोद मात्र इथल्या माणसालाच कळेल.

परवानग्यांचा इतिहास स्वतंत्र लिहावा इतका आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली वनजमिनीत चर खणायचा तर केंद्राची मान्यता लागते. रस्त्याच्या हद्दीत, झाडे न तोडता, दोन मीटरपर्यंत खोल आणि मीटरभर रुंद चर असेल तर पुढे सरसकट सवलत मिळाली. पण जिथे रस्ता म्हणजे वनखात्याचीच जुनी बैलगाडीवाट, तिथे हद्द कुठली मोजायची? ताडोब्याच्या बाजूने तर वन्यजीव मंडळही येते. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र एक सरळ वाट आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारांचेही नाव आहे: एका हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे, आणि ग्रामसभेची शिफारस. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि त्यामागून हजारावर गावांनी मिळवला, तिथे ग्रामसभेपुढे जाऊन केबल कुठून न्यायची हे विचारणे अवघड नव्हते. तरी नकाशे बहुतेक मुंबई-दिल्लीत आखले गेले. हा माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा अभियांत्रिकी दोष, कारण कुठला नाला कुठवर चढतो हे ज्याला ठाऊक होते, त्याला कोणी विचारले नाही.

सुरक्षेचे सावट शेवटपर्यंत होते. १ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने आणि यंत्रे नक्षलवाद्यांनी जाळली. त्याच दिवशी तिकडे निघालेल्या जलद प्रतिसाद पथकाची गाडी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली गेली. पंधरा पोलीस आणि वाहनाचा चालक गेले. अशा घटनेनंतर कंत्राटदार निविदाच भरत नाहीत, भरली तर दर दुप्पट लावतात, आणि यंत्राच्या विम्याचे नाव काढत नाहीत.

म्हणून सरकारने केबलची वाट न पाहता वरून जायचे ठरवले. ऑगस्ट २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांत दोन हजारांवर मोबाइल मनोऱ्यांना मंजुरी दिली. देशभरात शेवटी २,३४३ उभे राहिले. कित्येक पोलीस ठाण्यांच्या आवारात, सौरऊर्जेवर चालणारे, फक्त टू-जी. त्यांतल्या अनेकांचा मागचा दुवा उपग्रहाचा. छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली यायचे, पुन्हा उत्तरासाठी तेवढेच. बोलताना अर्ध्या सेकंदाची ओढ पडते, आणि सगळ्या गावाने मिळून वापरायला एक अरुंद वाहिनी. आवाज गेला, आणि तेही थोडे नव्हते: साप चावला, बाळंतीण अडली, तर गाडी बोलावता येऊ लागली. पण २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली तेव्हा या मनोऱ्यांचा काही उपयोग नव्हता. मुले टेकडीवर चढून तेलंगण-छत्तीसगडची रेंज पकडत. २७ एप्रिल २०२२ रोजी हेच मनोरे फोर-जी करण्याचा निर्णय झाला, आणि तेव्हा पुन्हा तोच प्रश्न समोर आला. मनोरा कितीही नवा असला तरी त्याच्या पायथ्याशी फायबर नसेल तर वेग यायचा कुठून?

या सगळ्याचा धडा केंद्राने उशिरा का होईना घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये ठेवले आहेत, दहा वर्षांच्या देखभालीसह. जुन्या आराखड्यात केबल एका रेषेत जायची. मधे तुटली की पलीकडची सगळी गावे बंद. नव्यात वर्तुळ आहे. एका बाजूने तुटले तर प्रकाश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचे नाव पहिल्या जिल्ह्यांत आहे. हे उपग्रह जवळून फिरतात, म्हणून ओढ कमी. एकाकी शाळेला, आरोग्य केंद्राला ते उत्तम. एका मनोऱ्याखालच्या चार गावांची भूक मात्र काचेच्या एका धाग्यानेच भागेल.

वर्तुळाला दोन वाटा लागतात. एटापल्ली किंवा धानोऱ्याला त्या थोड्या खटपटीने मिळतील. सिरोंच्याला नद्यांवर मोठे पूल झाल्याने तेलंगण आणि छत्तीसगडच्या बाजू खुल्या झाल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अहेरीहून गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली, तेव्हा एटापल्लीचीही एक बाजू उघडली. भामरागडला मात्र बाहेर पडायचा धड रस्ता एकच, हेमलकशावरून आलापल्लीचा. दुसरा आखलेला आहे: १३०-डी हा राष्ट्रीय महामार्ग, कोंडागावहून नारायणपूर, कुतुल, नेलांगूर, मग सीमा ओलांडून लाहेरी, भामरागड. तो छत्तीसगडातल्या अबुझमाडच्या जंगलातून येतो. पर्लकोट्याला पूर आलेला असताना भामरागडच्या तहसील कार्यालयात प्रकाश पोहोचवायचा असेल, तर केबलला त्याच वाटेने यावे लागेल, आणि त्या वाटेवर आधी डांबर पडावे लागेल.